दोन्ही फासे कायम सारखेच पडतायत, सात येतच नाही? आधी हे बघा

दर सेमिस्टरला जर्नल सबमिट करायची वेळ आली की मला एक मेसेज ठरलेला असतो. यंदा तो भाच्याकडून आला. "मामा, डाइस गेम केलाय, क्लास बिस सगळे पाडलेत, एरर एक पण नाही, पण दोन्ही फासे दर वेळी सेमच पडतायत. तीन-तीन, पाच-पाच, एक-एक. सात येतच नाही, मग जिंकणार कसं?" मागच्या वर्षी शेजारच्या मुलीचा अगदी हाच प्रश्न, त्याच्या आधी ऑफिसातल्या एका ट्रेनीचा. आणि खरं सांगायचं तर हा बग सगळ्यात आधी मीच घातला होता, तोही भर ऑफिसच्या गणपतीत, ते खाली सांगतोच. तर एकदाच सगळं लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी नुसतं हे पाठवलं की झालं.

असाइनमेंट सगळीकडे साधारण तीच असते. फाशाचा एक क्लास (म्हणजे साचा, त्यातून काढलेली प्रत्येक वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट), खेळाडूचा एक, खेळाचा एक. फाशाकडे वरचा आकडा आणि फेकायची मेथड (क्लासच्या आतलं फंक्शन), खेळ दोन फासे घेतो, फेकतो, बेरीज सात आली तर जिंकला नाहीतर हरला. क्लासचं नाव एकवचनी पाहिजे म्हणून पोरं डाय ठेवतात आणि मग अख्ख्या लॅबमध्ये केसांच्या डायचे जोक चालू होतात, असूदे, नाव बरोबरच आहे, एक ऑब्जेक्ट म्हणजे एक फासा. कोड मी मुद्दाम टाकत नाहीये. टाकला की तोच उचलला जातो आणि मग व्हायवाला एक्स्टर्नलसमोर त त प प होतं.

आधी थोडं गणित, कारण निम्मे लोक नशिबावर ढकलतात. दोन फाशांची मिळून ३६ दानं. त्यात बेरीज सात होणारी ६, आणि दोन्ही सारखे पडणारी पण ६. म्हणजे सहातून एकदा सात आणि सहातून एकदा जोडी. सलग तीन जोड्या पडणं २१६ मध्ये एकदा, तेवढं होऊ शकतं. सलग दहा पडल्या तर तो कोडच आहे, नशीब बिशीब नाही. आणि जोडीच पडत असेल तर बेरीज कायम सम येणार, दोन चार सहा आठ दहा बारा, सात तर विषम, मग ते येणार कुठून? "सात येत नाही" आणि "दोन्ही सारखे पडतात" या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत, एकच आहे.

आता कोडला हात लावायच्या आधी एक काम करा. फेकायच्या मेथडच्या आत, आकडा निघाला त्याच क्षणी तो प्रिंट करा. बाहेर खेळ जे शेवटी छापतो ते राहू द्या तसंच. दहा वेळा रन करा आणि दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. हे न करता लोक थेट रँडमची (म्हणजे कुठलाही एक आकडा काढून देणारी) लाइनच बदलत बसतात, दोन तास जातात आणि बग जागच्या जागी.

आत प्रिंट केलेले आकडे वेगवेगळे (समजा ४ आणि २) पण शेवटी मात्र २ आणि २ दिसतंय, म्हणजे शेवटचं दानच दोन्हीकडे, असं असेल तर रँडमचा काही दोष नाही. तुमच्याकडे फासा एकच आहे, त्याला नावं दोन दिलीत. जावा आणि सी शार्पमध्ये याचं नेहमीचं कारण म्हणजे आकड्याच्या फील्डला (ऑब्जेक्टमधली माहिती ठेवायची जागा) लागलेलं स्टॅटिक. ते का लावलं विचारलं तर उत्तर एकच, मेनमधून कॉल करताना एरर येत होता, एडिटरने सुचवलं, क्लिक केलं, एरर गेला. एरर गेला खरा, पण आता आकडा फाशाचा राहिलाच नाही, अख्ख्या क्लासचा झाला, शंभर फासे बनवले तरी आकडा ठेवायला जागा एकच. स्टॅटिक काढा, मेनमध्ये रीतसर ऑब्जेक्ट बनवा आणि त्याच्यावर मेथड बोलवा.

पायथनवाल्यांचं कारण जरा जास्त छुपं असतं. चौकोनी कंसात एक फासा बनवायचा आणि त्याला गुणिले दोन करायचं, की झाली दोन फाशांची लिस्ट. दिसायला एकदम भारी. पण गुणाकाराने दुसरा फासा तयार होत नाही हो, त्याच फाशाकडे दोन बोटं दाखवली जातात. आयडी फंक्शनने दोन्हीचा आयडी छापून बघा, सेम येईल. लिस्ट कॉम्प्रिहेन्शन (कंसातच फॉर लूप लिहून लिस्ट बनवणं) वापरा, त्यात कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनताना चालणारी मेथड) दर फेरीला नव्याने बोलावला जातो. याचाच भाऊ म्हणजे स्कोअरची लिस्ट इनिटच्या (पायथनमधल्या कन्स्ट्रक्टरच्या) आत न ठेवता थेट क्लासखाली ठेवणं, त्याने दोन्ही खेळाडूंचा स्कोअर एकाच लिस्टमध्ये पडत जातो आणि मग हरलेलाही जिंकतो.

आता दुसरा प्रकार, खरा त्रास देणारा. आतसुद्धा दोन्ही आकडे सारखेच छापले जातायत. फासे दोन आहेत, वेगळे आहेत, तरी सारखेच पडतायत. हा माझावाला.

आमच्या ऑफिसात गणपतीत पाच दिवस दुपारी काही ना काही खेळ असायचे. एका वर्षी मी जत्रेत असतो तसा सेव्हन अप सेव्हन डाऊन केला, सी शार्पमध्ये, प्रोजेक्टरवर. सातच्या खाली, सातच्या वर, आणि बरोब्बर सात. पैसे नाही, चॉकलेटं लावायची, खाली-वर लागलं तर डबल आणि सात लागलं तर पाचपट. स्क्रीनवर मी मोठ्या अक्षरात फक्त बेरीज दाखवत होतो, फासे काढायला वेळच मिळाला नव्हता. तासभर मजेत चाललं. अकाउंट्सचे एक काका कोपऱ्यात बसून प्रत्येक आकडा कागदावर उतरवत होते, ते कायम सातवरच लावायचे. चाळीस दानं झाल्यावर कागद घेऊन माझ्याकडे आले. "अहो, यात सात आहे की नाही? आणि सातचं सोडा, एक तरी विषम आकडा दाखवा मला." कागदावर नुसती सम आकड्यांची रांग. चाळीस दानांत एकदाही सात न येणं साधारण दीड हजारात एखाद्या वेळी होईल, आणि विषम एकही नाही हे तर विसराच. माझ्या लक्षात का आलं नाही? कारण खाली २, ४, ६ आणि वर ८, १०, १२, दोन्हीकडे निम्मं-निम्मं, त्यामुळे खेळ अगदी न्याय्य वाटत होता.

जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉप उघडला, ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम मध्येच थांबवायची खूण) लावला, एकेक स्टेप पुढे नेत बसलो. ३ आणि ५. परत, ६ आणि १. परत, २ आणि ५. दोनदा सात! सगळं व्यवस्थित. ब्रेकपॉइंट काढून रन केलं, परत जोड्याच जोड्या. डिबगर लावला की शहाण्यासारखं वागतंय आणि काढला की पहिले पाढे पंचावन्न. खरं तर उत्तर तिथेच होतं पण मला समजायला अर्धा तास लागला.

झालेलं असं. प्रत्येक फासा आपल्या कन्स्ट्रक्टरमध्ये स्वतःचा न्यू रँडम बनवत होता. मला ते फार छान डिझाइन वाटलं होतं, फासा स्वतःचं स्वतः बघतो, एन्कॅप्स्युलेशन (आपलं आपल्याच आत ठेवणं) वगैरे. पण कॉम्प्युटरचा रँडम काही खराखुरा रँडम नसतो, एका सुरुवातीच्या आकड्यापासून, म्हणजे सीडपासून, ठरलेल्या गणिताने पुढचे आकडे काढत जातो. सीड तोच तर पुढची अख्खी माळ तीच. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये (सी शार्पचे प्रोग्रॅम ज्यावर चालतात ते) रँडमला सीड दिला नाही तर तो सिस्टिमच्या घड्याळातून घेतला जातो, आणि ते घड्याळ विंडोजवर साधारण १५ मिलिसेकंदांनी पुढे सरकतं. दोन फासे बनायला एक मिलिसेकंद पण लागत नाही. म्हणजे दोघांची जन्मवेळ एक, पत्रिका एक, आयुष्यभर पडणारी दानं एक. ब्रेकपॉइंटवर मी थांबलो की मध्ये दोन-चार सेकंद जायचे, सीड बदलायचा आणि बग गायब.

रँडम कन्स्ट्रक्टरऐवजी फेकायच्या मेथडमध्ये बनवला असेल तर हेच वेगळ्या रूपात दिसतं. लूपमध्ये हजार वेळा फेका, चार-चार-चार-चार असे शेकड्याने चार पडतील आणि मग एकदम दोन-दोन-दोन. घड्याळ सरकलं की आकडा बदलतो. सीमध्ये आणि सी प्लस प्लसमध्ये एसरँडला (सीड ठरवणारं फंक्शन) टाइम देऊन ती लाइन फेकायच्या फंक्शनमध्ये टाकली की तर अजूनच वाईट, टाइम सेकंदात मोजतो, त्यामुळे अख्खा एक सेकंद तोच आकडा. ती लाइन मेनच्या सुरुवातीला एकदा, बास. आणि अजिबातच लिहिली नाही तर प्रोग्रॅम दर वेळी चालू केला की तीच दानं त्याच क्रमाने पडतात, तीही तक्रार येत असते अधूनमधून.

यावर लोक जे जुगाड करतात तेही बघितलेत. दोन फाशांच्या मध्ये थ्रेड स्लीप २०, म्हणजे २० मिलिसेकंद थांब. चालतं, हो चालतं! पण म्हणजे फासा नीट पडावा म्हणून प्रोग्रॅमला डुलकी काढायला लावायची, आणि हजार फासे बनवायचे झाले तर वीस सेकंद बसा बघत. दुसरा जुगाड म्हणजे एकाला सीड १ आणि दुसऱ्याला सीड २. मग नुसत्या जोड्याच पडत नाहीत पण गेम दर वेळी अगदी तसाच होतो, दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला सगळं आधीच माहीत.

खरा उपाय एका लाइनीचा आहे. रँडम एकच बनवा, खेळाच्या क्लासमध्ये, आणि फासा बनवताना तो त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये हातात द्या. फाशाने तो जपून ठेवायचा आणि फेकताना त्यालाच पुढचा आकडा मागायचा. माळ एकच राहते, पहिला फासा एक मणी घेतो, दुसरा त्याच्या पुढचा. एन्कॅप्स्युलेशन मोडत नाही यात, फाशाचं काम वरचा आकडा सांभाळायचं आहे, आकडे पैदा करायचं नाही.

नव्या डॉटनेटवर (कोअर आणि त्याच्या पुढचं) सीड घड्याळातून घेत नाहीत, त्यामुळे हा बग तिथे दिसणार नाही, आणि डॉटनेट ६ पासून, म्हणजे २०२१ पासून, रँडम शेअर्ड नावाचा तयार ऑब्जेक्टच मिळतो, सरळ तो वापरा. जावामध्ये आजकालच्या आवृत्त्यांत नॅनोसेकंदांचं घड्याळ आणि वर अजून एक सतत बदलणारा आकडा मिसळतात, तिथेही जोड्यांचा त्रास नाही. पायथनमध्ये रँडम मॉड्यूलच्या पोटात एकच ऑब्जेक्ट असतो आणि सगळे त्यालाच विचारतात, म्हणून पायथनवाल्याला हा बग आला तर समजा कोणाच्या तरी नोट्समधून उचललेली सीड ४२ ची लाइन फेकायच्या मेथडमध्ये पडलीय. गंमत म्हणजे घरच्या लॅपटॉपवर नवं डॉटनेट आणि लॅबमध्ये जुनं फ्रेमवर्क असेल तर घरी सात पडतात आणि लॅबमध्ये सरांसमोर पडत नाहीत. भाच्याचं नेमकं हेच झालेलं.

सी प्लस प्लसवाल्यांनो, तुमच्यासाठी एक स्पेशल खड्डा आहे. वरचं सगळं वाचून जनरेटर (आकडे काढणारा ऑब्जेक्ट) एकच बनवला, दोन्ही फाशांना कन्स्ट्रक्टरमधून दिला, आणि तरीही जोड्या! कारण पॅरामीटरला अँपरसँड (&, म्हणजे रेफरन्सची खूण) लावला नाही, म्हणजे जनरेटरची झेरॉक्स गेली. दोन झेरॉक्स, दोन्हीकडे तीच माळ. आणि पॅरामीटरला लावून आतल्या मेंबरला विसरलात तरी तेच, दोन्हीकडे रेफरन्स पाहिजे. हा मी दोनदा खाल्लाय.

आता त्याच घरातले पण वेगळे प्रकार, भराभर. स्क्रीनवर ४ आणि ३ दिसतंय आणि खाली लिहिलंय बेरीज ९. याला कारण म्हणजे फेकायची मेथडच आकडा परत देते आणि तुम्ही ती दाखवताना एकदा बोलावलीत, बेरजेला परत एकदा, इफमध्ये अजून एकदा. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडला. पटावर दान पडलं की ते बघायला कोणी फासे परत उचलून फेकत नाही ना? तसंच इथे. फेकायची मेथड वेगळी, ती काही परत देणार नाही, आणि वरचा आकडा बघायची वेगळी, ती काही बदलणार नाही. एवढं पाळलं तर निम्मे विचित्र बग आपोआप जातात.

सहा कधी पडतच नाही, हा लुडो करणाऱ्यांचा त्रास, कारण सहा पडल्याशिवाय सोंगटी घरातून निघत नाही आणि चारही जण बसलेत आपले. सी शार्पच्या नेक्स्टमध्ये १ आणि ६ लिहिलंत तर वरची हद्द धरली जात नाही, १ ते ५ च येतात, तिथे ७ लिहा. जावाच्या नेक्स्टइंटला ६ दिलंत तर ० ते ५, त्यात एक मिळवा. पायथनचा रँडइंट मात्र दोन्ही टोकं धरतो, तिथे १ आणि ६ च, पण रँडरेंज नाही धरत. जावात मॅथ रँडम वापरून कायम १ च पडत असेल तर कंस बघा, इंटचं कास्टिंग (पूर्णांकात बदलणं) गुणाकाराच्या आधी लागतंय, शून्य पॉइंट काहीतरीचं आधीच शून्य झालं, मग त्याला सहाने गुणा नाहीतर साठने. आधी गुणाकार कंसात, मग कास्ट.

जावात फाशांचा अॅरे बनवला आणि पहिल्याच फेकीला नल पॉइंटरचा एरर आला तर अॅरे म्हणजे नुसती रिकामी खोकी, आत फासे तुम्हीच ठेवायचेत.

आणि पायथनवाल्यांनी कृपा करून आपल्या फाईलचं नाव रँडम ठेवू नका. मग इम्पोर्ट केल्यावर पायथन तुमचीच फाईल उचलतो आणि रँडइंट सापडत नाही म्हणून रडतो, नाव बदललं की गप्प. दरवर्षी किमान एक जण सापडतोच.

दुरुस्त झालं का हे कसं ओळखायचं? पाच-सहा वेळा खेळून "आता बरोबर वाटतंय" हे चालणार नाही, माझ्याही खेळात सगळं बरोबरच वाटत होतं. लूप लावून ३६०० वेळा फेका. सात ६०० च्या आसपास आले पाहिजेत आणि जोड्या पण ६०० च्या आसपास. ५७० आले, ६३० आले, ठीक आहे, एवढं इकडेतिकडे होतंच. ० आले किंवा ३६०० आले तर परत वरून वाचा. दरवेळी बरोब्बर ६०० आले तरी काहीतरी गडबड आहे.

आणि जिंकल्याचा मेसेज नीट येतो का हे तपासायला सात पडायची वाट बघत बसू नका. रँडम बाहेरून देताय तर फासाही बाहेरून द्या की. खेळाला फासे कन्स्ट्रक्टरमधून द्यायचे, आणि टेस्टला फाशाच्याच क्लासवरून इन्हेरिट केलेला एक लबाड फासा द्यायचा, जो आधी सांगितलेले आकडेच पाडतो. एकाला ३ सांगा, दुसऱ्याला ४, आलाच पाहिजे जिंकल्याचा मेसेज. मग ३ आणि ३, हरलाच पाहिजे. खेळाच्या क्लासला पत्ता पण लागत नाही की समोरचा फासा कुठला आहे. पॉलिमॉर्फिझम कशाला लागतं हे विचारलं तर व्हायवाला हेच उदाहरण सांगा, प्राणी आणि त्यांचे आवाज ऐकून एक्स्टर्नल कंटाळलेले असतात. मी त्या क्लासचं नाव शकुनी ठेवतो. भाच्याने पण तेच ठेवलं, सरांनी जर्नलमध्ये त्याच्याखाली लाल पेनाने रेघ मारली पण मार्क कापले नाहीत.

ऑफिसातलं राहिलंच. जेवणाच्या सुट्टीनंतर दुरुस्त केलेला गेम लावला, चौथ्याच दानाला सात. काका तेव्हा आरतीची ताटं लावायला गेले होते.